कपाटातले पाच ठिपके

नकाशावर छत्तीस ठिपके होते आणि त्यांतले पाच आमच्या कपाटात होते.

नकाशा बंदराच्या हॉलमध्ये भिंतीवर लावला होता, चांगला दरवाजाएवढा. एक ठिपका म्हणजे भर समुद्रात उभा राहणारा एक मनोरा. त्याच्या डोक्यावर तीन पाती, ती वाऱ्यावर फिरणार आणि वीज तयार होणार. ठिपक्यांना जोडणाऱ्या लाल रेघा म्हणजे तळाखाली पुरायच्या केबल. कंपनीचा साहेब माईक धरून सांगत होता, "मच्छीमार बांधवांचं आम्ही सगळ्यांत आधी ऐकलं. दक्षिणेच्या उथळावर जाळी ओढता असं तुम्हीच लिहून दिलंत. म्हणून तो सगळा भाग आम्ही मोकळा सोडला आणि योजना उत्तरेला सरकवली. हरकती असतील तर शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत द्या. त्यानंतर आराखडा बदलणार नाही."

मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी भोंगा उभा होता. दुसऱ्या बोटीचा हा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, बोलला की धक्क्याच्या एका टोकाचं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं, म्हणून भोंगा. त्या दिवशी तो पहिल्यांदा हळू बोलला.

"झालं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा."

"तुझं काय गेलं?" मी विचारलं.

"माझं काही नाही गेलं, दादा." असं म्हणताना तो नकाशाच्या वरच्या कोपऱ्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होता की मला कळलं, याचं तिथेच काहीतरी आहे.

कपाट हे नाव माझं आणि बायकोचं. किनाऱ्यापासून साडेनऊ मैलांवर समुद्राच्या तळाला एक लांबट खळगा आहे. आजूबाजूला सगळी वाळू आणि खडे, तिथे मात्र मऊ काळा गाळ. थोडी कोळंबी त्या गाळात बारा महिने असते, थंडीचे तीन महिने मात्र दाटीने शिरून बसते. वायरलेसवर सगळं बंदर कान लावून असतं, त्यामुळे जागेचं नाव घ्यायची सोय नाही. मी घरी कळवायचो, "आज कपाट आवरतोय, उशीर होईल." ऐकणाऱ्यांना वाटायचं, बोटीवरचं सामान लावतोय. एकतीस वर्षं माझे हिवाळे त्या खळग्यावर निघाले. बायको आजारी पडली तेव्हा मी बोट जावयाच्या हातात दिली आणि कपाटही दिलं. आता त्याचं आणि मुलीचं घर त्याच्यावर चालतं. केबल पुरली की तिच्यावरून जाळं ओढता येत नाही. म्हणजे पाच मनोरे उभे राहिले की ते तीन महिने गेले.

आणि याला कारण आम्हीच होतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीने प्रत्येक तांडेलाला एक कोरा नकाशा आणि रंगीत पेन्सिल दिली होती. जिथे जाळं ओढता तो भाग रंगवा म्हणाले. लहान बोटींवर माग ठेवणारं सरकारी यंत्र नसतं, आम्ही सांगू तेच खरं. आता तांडेलाला जागा विचारणं म्हणजे कोंबडीच्या मालकाकडे कोल्ह्याने खुराड्याचा पत्ता विचारण्यासारखं आहे. एकतीस बोटींनी दक्षिणेचा उथळ भाग रंगवला. कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. त्या उथळावर आयुष्यभरात मला थोडे खेकडे आणि एक बूट मिळाला. आम्ही लिहून दिल्याप्रमाणे खरंच तिथे गेलो असतो, तर एकतीस जाळ्यांचा एकच गुंता झाला असता.

माझा कागद बायकोने भरला होता. दवाखान्याच्या बोळात बाकावर, तपासणीचा नंबर यायची वाट बघत. माझं अक्षर मलाच वाचता येत नाही, तिचं छापल्यासारखं.

"उथळावर कोळंबी?" ती म्हणाली. "कधीपासून?"

"तू लिही."

"खोटं लिहायला माझं अक्षर बरं लागतं तुम्हाला."

तिने लिहिलं. पण विसरली नाही. शेवटच्या महिन्यात पडल्या पडल्या ती मला कामं सांगायची. गॅसची नळी बदला. पाण्याच्या टाकीचं झाकण बघा. आणि तो नकाशा नीट करून द्या, माझ्या अक्षरात खोटं पडून राहायला नको. मी नळी बदलली. झाकण बसवलं. नकाशाचं बघतो म्हणालो. ती जाऊन सात महिने झाले होते.

मंगळवारी हॉलमधून घरी आलो आणि मला बसवेना. तसं तर सात महिने बसवत नाही. या खोलीत गेलो की वाटतं त्या खोलीत काहीतरी राहिलंय. तिथे गेलो की कशाला आलो ते आठवत नाही. धुतलेला कप परत धुतो. सकाळी धक्का, दुपारी धक्का. मुलगी संध्याकाळी डबा घेऊन आली.

"बाबा, बसा ना जरा."

"बसलोय की."

"उभे आहात."

"मग आता बसतो." बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पाच ठिपक्यांचं, शुक्रवारचं, आईच्या सांगण्याचंही.

ती डब्याचं झाकण लावत, काढत राहिली. मग म्हणाली, "मला नका विचारू. मी हो म्हटलं तर ते घरात बोलायचे नाहीत, नाही म्हटलं तर तुम्ही. त्यांच्याशीच बोला."

जावई पूर्वी माझ्याच बोटीवर खलाशी होता. तेव्हा मी त्याला अरे-तुरे करायचो. लग्न झाल्यावर घरात अहो-जाहो आणि बोटीवर अरे-तुरे, असं आमचं चालायचं. बुधवारी सकाळी तो धक्क्याला बोट लावून जाळं शिवत होता. मी बोटीवर चढलो, पण मागणं माझं होतं, म्हणून तुम्हीच म्हटलं.

"जावईबापू, प्लॉटरचं कार्ड पाहिजे. त्या कार्यालयात द्यायला."

त्याने सुई थांबवली नाही. प्लॉटर म्हणजे बोटीवरचा पडदा, त्यात बोट कुठून कुठे गेली त्याचे सगळे माग साठतात. आमच्या प्लॉटरमध्ये अकरा वर्षांचे होते.

"म्हणजे शनिवारी ते भिंतीवर," तो म्हणाला. "आणि रविवारी भोंगा कपाटात."

"मनोरे उभे राहिले तर भोंगाही नाही आणि तुम्हीही नाही."

"उभे राहतील तेव्हा बघू, मामा. कंपन्या येतात, नकाशे लावतात, बिस्किटं वाटतात आणि जातात."

"ही जात नाही. खांब उतरवायला नवा धक्का बांधायला घेतलाय त्यांनी. तुम्ही रोज त्याच्यासमोरून जाता."

त्याने गाठ मारली, दोरा दाताने तोडला. "मामींनी सांगितलं होतं म्हणून तुम्ही हे करताय. त्यांच्यासाठी काही करायचं तर धक्क्यावर त्यांच्या नावाचं बाक बसवा. माझं जाळं कशाला मधे घेता?"

मी उतरलो. उतरताना पाय घसरला, त्याने हात पुढे केला, मी घेतला नाही. धक्क्यावरून चालताना मला राग त्याचा येत होता की त्याचं थोडं खरं होतं याचा, ते समजत नव्हतं. बाकाचं ऐकून हसूही आलं. बायकोला बाकावर बसणारी माणसं आवडायची नाहीत.

तसाच कार्यालयात गेलो. बर्फाच्या कारखान्यावरच्या मजल्यावर दोन खोल्या. मच्छीमारांशी बोलायला कंपनीने एक बाई नेमली होती, माझ्या मुलीपेक्षा लहान. सगळं बंदर तिला नकाशेवाली म्हणायचं. तिने माझा जुना कागद शोधून टेबलावर ठेवला. अक्षर बघितलं आणि मी खिडकीकडे गेलो.

"काका, काय चुकलंय यात?"

"सगळंच."

"सगळंच म्हणजे?"

"नाव माझंच आहे. तेवढं बरोबर आहे."

तिला हसावं की नाही कळेना. मी सांगितलं, कोळंबी उथळावर नाही, तुमच्या पाच ठिपक्यांखाली आहे. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त पेन खाली ठेवलं. "एकतीस कागद घेऊन मी वर्षभर साहेबांशी भांडले, की ही जागा सोडा, इथे लोकांची पोटं आहेत."

"हो, ताई."

"तिथे काय मिळतं मग?"

"एक बूट मिळाला होता."

आता मात्र ती हसली. मग कामाला लागली. जागेचे आकडे द्या म्हणाली. आकडे प्लॉटरमध्ये, प्लॉटर जावयाकडे. माझ्याकडे होत्या फक्त जुन्या खुणा. समुद्रावरून किनाऱ्याकडे बघायचं. पाण्याची टाकी वीजघराच्या चिमणीमागे बरोबर लपली पाहिजे, ही एक ओळ. दीपस्तंभ टेकडीच्या उंचवट्याखाली आला पाहिजे, ही दुसरी. दोन्ही एकदम जुळलं की खाली कपाट.

"चिमणी तर गेल्या वर्षी पाडली," ती म्हणाली.

"तेच ना."

कोळशाचं वीजघर बंद झालं तेव्हा पाडली होती. पण तिच्याकडे जुना नकाशा होता, त्यावर चिमणी अजून उभी होती. तिने पट्टी ठेवली, टाकी आणि चिमणी जोडणारी रेघ समुद्रात नेली. "टेकडीला दोन उंचवटे आहेत. कुठला?" मी सांगितला. तिने दुसरी रेघ मारली. एकतीस वर्षं जे मी सख्ख्या भावाला कळू दिलं नव्हतं, ते तिने दोन मिनिटांत पट्टीने काढून दाखवलं.

"उद्या आमची बोट तळाचे नमुने घ्यायला जाणारच आहे," ती म्हणाली. "तुम्हीही चला. पुरावा समोर निघाला तर साहेबांना नाही म्हणता येणार नाही."

गुरुवारी वारा बेताचा होता. बोटीवर ती, मी, सुकाणूवर एक जण आणि एक तळाच्या मातीचा जाणकार, ज्याला ते सगळे मातीवाला म्हणत. मागच्या बाजूला तारेवर लोखंडी पंजा टांगलेला. तो खाली सोडायचा, तळाला टेकला की मिटतो आणि मूठभर तळ वर आणतो. माझ्या पायांना बोट दिल्यापासून पहिल्यांदा पाणी मिळालं होतं, तरी मी एका जागी उभा नव्हतो. मातीवाला दोनदा म्हणाला, "काका, तारेपासून लांब राहा."

तिच्या दोन रेघा जिथे मिळत होत्या तिथे बोट थांबली. पंजा गेला, वर आला. खडे. धुतल्यासारखे स्वच्छ खडे आणि एक शिंपलं. परत सोडला. परत खडे.

मातीवाल्याने टोपी मागे सरकवली. "मनोऱ्यासाठी अशी जागा शोधून सापडायची नाही."

नकाशेवालीने माझ्याकडे बघितलं. काल तिने विचारलं होतं, कुठला उंचवटा. कपाट पहिल्या उंचवट्याखाली येतं. मी दुसरा सांगितला होता. ठरवून नाही. कुणी जागा विचारली की जीभ आपोआप अर्धा मैल बाजूला सरकते, आयुष्यभर तेच केलं होतं. खरं सांगायला गेलो होतो आणि तिथेही खोटं सांगून आलो होतो.

"ताई, थोडं उत्तरेला घ्या."

"थोडं म्हणजे किती?"

"अर्धा मैल."

"काल तर तुम्ही..."

"काल चुकीचं सांगितलं. मुद्दाम नाही. सवयीने." मी टेकडीकडे बोट केलं. "पहिला उंचवटा. आता खरा सांगतोय."

"नक्की?"

बायको असती तर माझं तोंड बघून तिने सांगितलं असतं. मी म्हटलं, "नक्की."

बोट सरकली. टेकडी हळूहळू फिरत गेली, दीपस्तंभ पहिल्या उंचवट्याखाली येऊन बसला. "इथे," मी म्हणालो. पंजा गेला. तार सुटत राहिली, आधीपेक्षा जास्त. वर आला तो काळा, गळता. मातीवाल्याने तो परातीत उघडला. लोण्यासारखा गाळ, आणि त्यात बोटभर लांबीच्या तीन कोळंब्या, पाय मारत. कॅमेरा सोडला तर पडद्यावर तळ दिसला, सगळा बिळांनी भरलेला. एवढी वर्षं मी त्याच्यावर जाळं ओढलं आणि तो दिसतो कसा हे पहिल्यांदा बघत होतो. चाळणीसारखा दिसत होता.

"वा," मातीवाला म्हणाला. तो एवढंच म्हणाला, पण नंतर त्याने खूप लिहून घेतलं.

तेवढ्यात वायरलेसवर भोंगा बोलला. त्याला वायरलेसची गरज नव्हती खरं तर. "दादा, कंपनीच्या बोटीवर काय करताय? तिकडे काही हरवलं का तुमचं?"

मी वळून बघितलं. मैलभरावर त्याची बोट उभी होती. तिच्यामागे आणखी दोन. आणि बऱ्याच लांब, नाक किनाऱ्याकडे वळवलेली, माझ्या जावयाची.

परत येताना नकाशेवाली माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "काका, एका नमुन्यावर एखादा ठिपका हलेल. पाच हलवायचे तर खळग्याच्या कडा कळायला हव्यात. कुठून कुठपर्यंत ओढता, किती वर्षं, तारखांसकट. ते कार्डच लागेल."

मला माहीत होत्या त्या कडा मी तिला सांगितल्या आणि मुलीला फोन केला. तिने नवऱ्याला निरोप दिला. तो निरोप ऐकून जेवायला बसला, असं तिने कळवलं.

शुक्रवारी सकाळीच मी कार्यालयाच्या जिन्याशी जाऊन बसलो. बसलो म्हणजे उठत बसत होतो. दहाच्या सुमाराला भोंगा आला. मला बघून म्हणाला, "बर्फ घ्यायला आलो होतो," आणि वर गेला. बर्फ खाली मिळतो. मग एक आला, मग आणखी दोन. वरच्या बाकावर चार तांडेल ओळीने, एकमेकांकडे न बघता. एकेक आत जायचा आणि दार लावून घ्यायचा. आतून भोंग्याचा आवाज आला, "हळू बोला बाई, बाहेर सगळे आहेत," आणि तो आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला. बाकावर कुणी हसलं नाही. प्रत्येकाची पाळी यायची होती.

दोन वाजले, चार वाजले, नवे तांडेल येतच होते. पाच वाजता नकाशेवाली बाहेर येऊन घड्याळ बघून गेली. मी जिना चढलो, उतरलो. रस्त्याच्या वळणापर्यंत गेलो, परत आलो. हातात काहीच नव्हतं करायला, आणि जे करायचं होतं ते दुसऱ्याच्या हातात होतं.

साडेपाचला जावई आला. अंगावर कामाचेच कपडे. माझ्यासमोरून वर गेला, बाकावरच्यांना म्हणाला, "मला आधी जाऊ द्या," आणि कुणी अडवायच्या आत आत गेला. दार उघडंच ठेवलं. खिशातून कार्ड काढून टेबलावर टाकल्याचा आवाज आला.

"सगळं बघून घ्या. काल सगळ्या बंदराने बघितलंच आहे, आता निदान नीट तरी बघू दे."

वीस मिनिटांनी तो खाली आला. माझ्यापासून दोन पायऱ्या वर थांबला.

"तुम्ही पूर्वेची कड चुकीची सांगितलीत त्यांना."

"मुद्दाम नाही. खरंच. ती तिथेच संपते."

"संपत नाही. पुढे पाऊण मैल आहे. खडकाला वळसा घालून गेलं की परत गाळ लागतो." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "मला सापडली ती."

"कधी?"

"दीड वर्ष झालं."

"मला बोलला नाहीत."

"तुम्ही बोलला असतात?"

दीड वर्ष हा माझ्या घरी येऊन बसायचा आणि मी त्याला कपाटाच्या गोष्टी सांगायचो. तो मान हलवत ऐकायचा.

"मामींना माहीत होतं," तो म्हणाला. "त्यांना सांगितलं होतं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तुमच्या दोघांत माझा जीव जाणार." म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो उरलेल्या पायऱ्या भराभर उतरून निघून गेला. मी बराच वेळ कठड्याला धरून होतो. मग कोण कोण आत जातं ते बघत दिवसभर वर थांबलेला भोंगा खाली आला आणि मला घरापर्यंत सोडून गेला.

अडीच महिन्यांनी सुधारलेला नकाशा हॉलमध्ये लागला. मनोरे तेवढेच, छत्तीस. कपाटातले पाचही हलवले होते. पूर्वेच्या पाऊण मैलासकट सगळा खळगा निळ्या रेघांनी भरून दाखवला होता, लहान मुलालाही कळेल असा. भोंग्याची जागाही होती, इतरांच्याही होत्या. सगळे त्यासमोर उभे राहून एकमेकांची निळी रेघ बघत होते. जावई दारातूनच बघून गेला.

थंडीच्या पहिल्या सोमवारी मी पहाटे धक्क्यावर होतो. कपाटाकडे तेरा बोटी गेल्या. आमची सातवी होती. समोरून जाताना जावई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. शिवी असेल, नसेलही. मुलगी म्हणाली, घरी चला, ते दुपारपर्यंत येत नाहीत. मी तिला पुढे पाठवलं आणि तेराच्या तेरा परत येईपर्यंत तिथेच फेऱ्या मारत राहिलो.